आमच्या गावचे मच्छर सुधारल्याबाबत

मु. पळसटोला, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली
२० ऑक्टोबर

आदरणीय व्याही देवाजीभाऊ यांना पळसटोल्याहून लटारूचा मनापासून जयभीम. विहीणबाई रुखमाबाईंनाही माझा जयभीम सांगावा. माझा राजदीप नोकरीला पुण्याला, म्हणून लेकीला घेऊन तुमच्याकडे राहणाऱ्या सूनबाईला आशीर्वाद, आणि माझी नात संघप्रिया हिला आशीर्वादाच्या वर काही असेल तर ते. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (की उजवा होता? भेटलो तेव्हा तुम्ही उजवा धरून बसला होता आणि फोनवर डावा म्हणालात. दोन्ही दुखत असतील तर लपवू नका, या वयात लपवलेलं दुखणं वाढतं.) सोळा तारखेला तुम्ही सगळे चंद्रपूरला दीक्षाभूमीवर गेला असाल. गर्दीत पोरीचा हात कोणी सोडला नाही ना, हे आता विचारून उपयोग नाही, चार दिवस होऊन गेले, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. अंजनाबाई मजेत आहे. हे मुद्दाम वेगळं लिहिलं, त्याचा वेगळा अर्थ काढू नये.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. भाऊ, फोनवर तुम्ही बोलता आणि मी हो हो म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर मला आठवतं की मी नाही म्हणणार होतो. शिवाय आमच्या गावात रेंज फक्त बोडीच्या पाळीवर मिळते (बोडी म्हणजे आमचं धानाच्या पाण्याचं लहान तळं, बल्लारपूरच्या माणसाला सांगावं लागतं), आणि संध्याकाळी पाळीवर उभं राहिलं की फोन कानाला आणि मच्छर बाकी सगळीकडे. आपलं मागच्या वर्षीचं शेवटचं लांब बोलणं तिथेच झालं. मी सातवी पास माणूस, फार पाठांतर नाही, पण तुमचं त्या दिवशीचं बोलणं पाठ आहे. पोरगी दिवाळीला आमच्याकडे आठ दिवस राहून गेली, बल्लारपूरला पोचल्यावर अकराव्या दिवशी तिला हिव भरलं, हिवताप निघाला, तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि तुम्ही फोनवर म्हणालात, "लटारूभाऊ, पोरगी तुमची बी हाय, मी नाई म्हनत नाई. पण मच्छर तुमचेच हायेत. ते सुधरले का कळवा, मंग पोरगी धाडतो." मी हो हो म्हणालो. त्याला आता वर्ष होत आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीतही पोरगी आली नाही. म्हणून कळवतो.

मच्छर सुधारायचे म्हणजे आधी त्यांचा स्वभाव माहीत पाहिजे. त्यासाठी मी आमच्या गावची आशाताई करिष्मा हिला धरलं. (ही श्रीहरीची सून. श्रीहरी म्हणजे आमचा शेजारी, तुमच्या लेकीच्या लग्नात दोनदा जेवून जो तिसऱ्या पंगतीला बसताना सापडला तो.) मी आजवर समजत होतो की मच्छर डोळ्याने बघून माणसाकडे येतो, म्हणून मी अंधारात बसायचो आणि तरी चावे खायचो. करिष्मा म्हणाली, "आबाजी, तिले तुमचा श्वास लागते." तिले म्हणजे मच्छराच्या मादीला. चावते ती मादीच, नर बिचारा झाडाझुडपांचा रस पिऊन दिवस काढतो. (हे मी घरी सांगितलं तर अंजनाबाई म्हणाली, "मंग घरचं सारं काम बी तिच्याच आंगावर असन." मी विषय बदलला.) माणूस श्वास सोडतो, तो वाऱ्याबरोबर जातो, मादी त्याचा माग धरून दुरून येते, जवळ आली की तिला घामाचा वास लागतो, मग अंगाची ऊब लागते, आणि मग ती बसते. म्हणजे सगळा कारभार नाकाचा आहे.

हे कळल्यावर मी दोन दिवस स्वतःच्या श्वासावर नजर ठेवून होतो. आणि भाऊ, श्वासाकडे लक्ष दिलं की तो नीट येत नाही. (ध्यानाला बसलो तरी माझं हेच होतं.) तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला अंगणात बसलो होतो, कानाशी तो आवाज आला, आणि मला वाटलं, आता श्वासच सोडला नाही तर हिचा माग तुटेल आणि ही पुढे निघून जाईल. मी श्वास रोखला. ती जाईना. मी सोडेना. अंजनाबाईने बघितलं तर माझे गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले आणि तोंड वांग्याच्या रंगाचं. ती ओरडली, श्रीहरी कुंपणावरून उडी मारून आला (साठीच्या पुढचा माणूस, पण दुसऱ्याच्या घरी काही घडलं की त्याचे पाय हलके होतात), आणि माझ्या घशात काही अडकलं असं समजून त्याने दोन्ही हातांनी माझ्या पाठीवर धपाटे घातले. "सोड गा लटारू, जे हाय ते सोड!" मी सोडलं. गल्लीतली माणसं जमली, कोणी कांदा आणला, कोणी हुंगवायला चप्पल आणली. मच्छर मला पापणीवर चावून गेला. करिष्माने नंतर समजावलं की रोखलेला श्वास कधीतरी सोडावाच लागतो, आणि एकदम सोडला की तो साऱ्या मोहल्ल्याच्या मच्छरांना आवतन देतो. तेव्हापासून श्रीहरी रस्त्यात भेटला की आधी विचारतो, "काय गा, चालू हाय ना श्वास?" मी त्याच्या तोंडावर एक लांब श्वास सोडतो आणि पुढे निघतो.

मग राजदीपने पुण्याहून बाटली पाठवली. तुमचा जावई असला तरी माझा मुलगा आहे म्हणून सांगतो, कधी नव्हे ते त्याने वेळेवर काही पाठवलं. अंगाला लावायचं पातळ मलम, वास असा की दवाखाना आणि संत्र्याची साल एकत्र केल्यासारखा. बाटलीवरचं अक्षर इतकं बारीक की ते मच्छरांसाठीच छापलं असावं. करिष्माने वाचून सांगितलं, "आबाजी, हे मच्छराले मारत नाई. हे लावलं का तुमी तिच्या नाकाले माणूस नाई राह्यत." म्हणजे मी खाटेवर बसलेला आहेच, माझा श्वास चालू आहेच, पण तिच्या नाकात असा गोंधळ होतो की तिला मी लटारू आहे की लाकूड हे कळत नाही. चुकून बसलीच तर पायाला ते कडू लागतं आणि ती उडते. (मच्छराला पायाने चव कळते. आपल्याला तशी कळत असती तर चिखलणीच्या दिवसांत काय झालं असतं, या विचाराने मी एक दुपार घालवली.) करिष्माच्या प्रशिक्षणात साहेब म्हणाले होते की मोठमोठ्या शास्त्रज्ञांतही यावर एकमत नाही, काही म्हणतात वास झाकला जातो, काही म्हणतात मच्छराला तो वासच सहन होत नाही. ऐकून मला धीर आला. माझंही कशावर एकमत होत नाही, आणि मी तर एकटाच आहे. दुसरी गोष्ट अशी की मलम जीव घेत नाही, म्हणजे पहिल्या शीलाला धक्का न लावता काम होतं. हातावरचा मच्छर मारला की मला संध्याकाळी पंचशील म्हणताना चोरट्यासारखं होतं, ते तरी वाचेल.

पण बाटली एकच. अंजनाबाईने ती हातात घेतली, उजेडात धरली आणि सांगितलं, "हे पोरीचं हाय. तिची अख्खी दिवाळी याच्यात निघली पायजे. कोनी हात लावाचा नाई." मी म्हणालो, औषध आधी कोणाच्या तरी कातडीवर लावून बघायला नको का, लेकराच्या अंगाला सरळ कसं लावायचं? तिला हे पटलं. मला रोज बोटाचं एक पेर भरेल एवढं मंजूर झालं. ती स्वतः लावायला तयार नव्हती. एवढ्याशा मलमात मी पहिल्या दिवशी फक्त डावा हात भिजवला आणि निश्चिंत बसलो. सगळे मच्छर उजव्या हातावर आले. करिष्मा म्हणाली, "हे का तावीज हाय? जिथी लावलं तिथीच चालते, चार बोटं पलीकडं नाई." दुसऱ्या दिवशी दोन्ही हात आणि मान केली, तर टाचेला चावले. टाच केली तर कानामागे. मच्छर म्हणजे शाळेत तपासणीला येणारे साहेब आहेत, तुम्ही जे पान सोडून दिलं तेच उघडतात. शिवाय घाम आला की मलम वाहून जातं, दोन-तीन तासांनी जोर कमी होतो, पुन्हा लावावं लागतं. हे सगळं शिकायला मला आठ दिवस लागले. त्यानंतर मी वही केली आणि सलग बावीस संध्याकाळी अंगणातल्या खाटेवर बसून चावे मोजले. पहिल्या संध्याकाळी सतरा. मधल्या आठवड्यात पाच, चार, सहा. शेवटच्या आठवड्यात एक, शून्य, शून्य, एक. अंजनाबाई बाजूलाच सुपात तांदूळ निवडत बसायची. तिचे चावे मोजायचं मला सुचलं नाही, कारण प्रयोग माझ्यावर होता.

(मध्ये उठावं लागलं. अंजनाबाईला आणखी एक गोधडी हवी होती. बाहेर चांगलं ऊन आहे, पण ती सकाळी वाऱ्यावर बसली होती, त्यामुळे असेल. तुम्ही मनावर घेऊ नका.)

मलमाची खरी परीक्षा विहारात झाली. यंदा वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, पंधरा-वीस माणसं बसतात, आणि विहाराच्या मागेच बोडी असल्यामुळे वाचन सुरू झालं की मच्छरही येऊन बसतात. मी मलम लावून गेलो आणि केसरबाईच्या बाजूच्या खुर्चीवर बसलो. अर्ध्या तासात मला एकही चावला नाही. केसरबाईला मात्र इतके चावले की तिचं ध्यान पार मोडलं, आणि शेवटी आम्ही सगळे पंचशील म्हणत असताना, जीवहिंसा करणार नाही या पहिल्या ओळीवरच, तिने स्वतःच्या दंडावर अशी चापट मारली की वाचणारे थांबले. सगळ्यांनी मागे बघितलं. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "यानं काईतरी लावलं हाय! याचे सारे मच्छर माह्याकडं येऊन राह्यले!" मी खाली बघितलं. दुसऱ्या बाजूला श्रीहरी होता (तो आमच्या वाचनाला नेहमी येतो, शेवटी चहा असतो म्हणून), तोही पोटऱ्या खाजवत होता. त्या दिवसानंतर माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. सत्तर वर्षांत मला विहारात एवढी ऐसपैस जागा कधी मिळाली नव्हती. पण तेही टिकलं नाही. चौथ्या दिवशी उठायला लागलो तर खुर्ची माझ्याबरोबर उठली. मलम लावलेले हात मी खुर्चीच्या प्लास्टिकच्या हातांवर ठेवत होतो, आणि ते प्लास्टिक मऊ पडून चिकट झालं होतं. निळी खुर्ची, तिच्यावर माझी आठ बोटं उमटलेली आहेत. समितीने ती खुर्ची मला कायमची नेमून दिली आहे.

खुर्चीवरूनच मला शहाणपण यायला हवं होतं, पण नाही आलं. चष्मा नाकावरून घसरला की बोटाने वर करायची मला सवय आहे. पंधरा दिवसांत मला धुकं दिसायला लागलं. आधी वाटलं धुराने असेल. (अंजनाबाई रोज संध्याकाळी घमेल्यात निंबाचा पाला जाळते. धुरात मच्छर राहत नाहीत हे खरं, पण आम्हीही राहत नाही, दोघंही अंगणात भेटतो.) मग वाटलं मोतीबिंदू. माझ्या वडिलांना याच वयात झाला होता, त्यांचे दोन्ही डोळे गेले होते, आणि मी मनातल्या मनात आंधळा होऊन बसलो. अंगणातून चुलीपर्यंत किती पावलं हे डोळे मिटून चालून पाहिलं. पोरगी आली तर तिचा चेहरा हाताने चाचपून बघावा लागेल, असं वाटून रडूही आलं, आणि रडल्यावर चष्मा पुसला तर धुकं वाढलं, कारण पुसणारं बोटही मलमाचंच. शेवटी कुरखेड्याला डोळ्यांचं शिबिर होतं तिथे गेलो. डॉक्टर पोरसवदा. त्याने मला समोरची अक्षरं वाचायला सांगितली, मला एकही दिसलं नाही. मग त्याने माझा चष्मा काढला, आणि भाऊ, मी बिनचष्म्याचा वरून चौथ्या ओळीपर्यंत वाचत गेलो. तो चष्मा नखाने खरवडत म्हणाला, "आबाजी, मोतीबिंदू तुमच्या डोळ्याले नाई, तुमच्या चष्म्याले झाला." हे मलम कातडीला काही करत नाही, पण प्लास्टिक खातं, आणि हल्ली चष्म्याच्या काचा काचेच्या नसतात, प्लास्टिकच्या असतात. नवा चष्मा यायला वेळ आहे. हे पत्र मी वडिलांच्या जुन्या खऱ्या काचेच्या चष्म्यातून लिहितो आहे, त्याची एक दांडी नाही, तिथे दोरा बांधला आहे. ओळी डोंगर चढताना दिसल्या तर समजून घ्यावं.

घरी येताना नवी काळजी लागली. चष्मा विरघळतो, खुर्ची विरघळते, मग नऊ वर्षांची पोरगी विरघळणार नाही कशावरून? करिष्माला पुन्हा विचारलं. ती हसली. "आबाजी, पोरगी प्लास्टिकची हाय का?" मग तिने नीट सांगितलं की लेकराच्या तळहाताला लावायचं नाही, कारण हात तोंडात जातो, डोळ्यांजवळ लावायचं नाही, कपड्याच्या आतून लावायचं नाही, आणि झोपताना धुऊन टाकून मच्छरदाणीत झोपवायचं. हे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आहे आणि पाठ केलं आहे. अंजनाबाईलाही पाठ करायला लावलं. ती सध्या डोळे मिटून म्हणते, पण बरोबर म्हणते.

तर एकूण सांगायचं ते असं की मच्छर आहेत, पण त्यांची रीत आता कळली आहे, आणि मी लेखी कळवतो की ते सुधारले आहेत. सुधारले म्हणजे मला चावत नाहीत. पोरीची सुट्टी लागली की तुम्ही तिला वडशापर्यंत रेल्वेत बसवून आणा, पुढे मी घ्यायला येतो. हलका धान कापून झाला आहे, नवे पोहे कुटायचे ठरवले आहेत. तिने मागच्या वर्षी जिला राणी नाव दिलं ती कोंबडी आता आजी झाली आहे हेही तिला सांगा. बोडीकडे तिला जाऊ देणार नाही. दिवेलागणीच्या आत घरात घेईन. बाटली तीन चतुर्थांश भरलेली आहे. बाकी मागणं काही नाही.

लोभ आहे तो तसाच असू द्यावा, गुडघ्याला जपावं, पोरीने मला विसरू नये.

आपला व्याही,
लटारू

ता. क. पाकीट चिकटवायला भाताची शितं घेतली होती, पण चिकटवलं नाही. अंजनाबाई झोपली आहे म्हणून हे लिहून घेतो. तिने मला शपथ घातली होती की इवायाला (म्हणजे व्याह्याला, तुम्हाला) काही कळवायचं नाही, कळलं तर पोरगी येणार नाही. वर मी लिहिलं की दोघं मजेत आहोत. एक मजेत आहे. शुक्रवारी तिला कडकडून हिव भरलं. करिष्माने बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला आणि पंधरा मिनिटांत दोन रेघा उमटल्या. हिवतापच. गोळ्या सुरू झाल्या, चौदा दिवसांच्या आहेत, करिष्मा रोज येऊन आपल्या समोर गिळायला लावते. एक दिवसाआड ताप येतो, काल नव्हता, आज आहे. धोका नाही असं ती म्हणते. मला रागावली नाही, त्याचंच जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "आबाजी, तुमी लावून बसत होते, आजी बिन लावता बाजूले बसत होती. मंग मच्छर जाईन कोनाकडं?" विहारात केसरबाई ओरडली तेव्हा हे माझ्यासमोर घडलं होतं, मी त्यावर हसलोही होतो. घरी तेच बावीस दिवस घडत होतं आणि मी वहीत शून्य लिहून खूष होत होतो. हे मलम मच्छर मारत नाही भाऊ, बाजूच्या माणसाकडे पाठवतं. आमच्या अंगणात बाजूचं माणूस एकच होतं.

ता. क. दुसरा. आता लिहायला बसलोच आहे तर मागच्या वर्षीचंही सांगतो. तेव्हा आमच्या घरी मच्छरदाणी होती. सरकारी, औषध लावलेली, नवी कोरी. तिच्यावर बसलेला मच्छर खाली पडतो. पोरगी आली त्या दिवशी मी ती तिच्या खाटेवर बांधली होती. तिसऱ्या दिवशी कावळ्याने राणीचं एक पिल्लू नेलं आणि पोरगी जेवेना. दिवसभर खुराड्यासमोर बसून राहिली. मला ते बघवलं नाही. मी खाटेवरची मच्छरदाणी सोडली आणि पिल्लांवर टाकली. ती हसली, जेवली, आणि मला वाटलं मी मोठं काम केलं. पुढचे पाच दिवस पिल्लं मच्छरदाणीत झोपली आणि पोरगी उघडी झोपली. एकाही पिल्लाला हिवताप झाला नाही. तुम्ही फोनवर मच्छर तुमचेच आहेत म्हणालात तेव्हा मी हो हो म्हणालो, त्याला कारण हे होतं. अंजनाबाईला माहीत आहे, राजदीपला नाही. पोरीला कधीही सांगू नका, तिला वाटेल तिच्या रडण्यामुळे झालं. झालं ते माझ्यामुळे.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा, कारण कागद संपला. वर मी पोरीला पाठवा असं लिहिलं आहे. ते खोडायचं होतं, पण खोडलं की पत्र घाण दिसतं, म्हणून इथे लिहितो. पाठवू नका. अंजनाबाईच्या गोळ्या महिनाअखेरीला संपतात. त्यानंतर करिष्मा पुन्हा रक्त तपासेल, आणि काही निघालं नाही तरच, तुमची हरकत नसेल तर, आम्ही दोघं सुट्टीतले चार दिवस बल्लारपूरला येतो. या वेळी मच्छर तुमचे असतील, त्याबद्दल मी एक शब्द काढणार नाही. बाटली आणतो, ती सगळ्यांनी लावायची, तुम्हीसुद्धा. मच्छरदाण्याही आणतो, एक आमच्यासाठी, एक पोरीसाठी. अंजनाबाई आत्ताच उठली, तिला हे वाचून दाखवलं. शपथेचं सोडून ती एवढंच म्हणाली की मी पोरीला लांबूनच बघीन, जवळ घेणार नाही. मी सांगितलं की हा ताप जवळ घेतल्याने लागत नाही, मधे मच्छर लागतो. तर म्हणते, "तुमाले बाटली नाई कळली, हे काय कळन." तेव्हा तुम्ही रुखमाबाईंकडून तिला तसं पत्रात लिहवून घ्या, माझ्यावर तिचा विश्वास नाही. आणि एकच विचारायचं होतं, खरं म्हणजे सगळ्यात आधी हेच विचारायला हवं होतं. पोरगी झोपते त्या खोलीत भिंतीला मच्छरदाणी बांधायला चार खिळे आहेत का? नसतील तर गुडघा घेऊन स्टुलावर चढू नका. खिळे मी आणतो, मीच ठोकीन.